फराळाचे १ लाख ८६ हजार गेटवेने अडवले. हा हक्क यांना दिला कुणी?

चकलीवाली, ऐरोली
मी घरून फराळ विकते. एरवी दिवसाला आठ-दहा ऑर्डरी येतात, दिवाळीच्या तोंडावर एका शनिवारी १४० आल्या. भाजणीसाठी गिरणीत दोन खेपा झाल्या, सासूबाई आणि शेजारच्या काकू रात्री एकपर्यंत करंज्या भरत बसल्या. रविवारी सकाळी पेमेंट गेटवेवाल्यांची (ग्राहकांचे ऑनलाइन पैसे घेऊन माझ्या खात्यात टाकणारी कंपनी) मेल: 'संशयास्पद हालचाल आढळल्याने सेटलमेंट थांबवण्यात आली आहे.' ग्राहकांच्या खात्यातून पैसे गेले, माझ्याकडे आले नाहीत. फोन नंबर नाहीच. चॅटवर यंत्र बोलतं आणि दर उत्तराखाली 'आपल्या संयमाबद्दल आभार'. तूपवाल्याची उधारी संयमाने फिटते का?
आज सतरावा दिवस. फराळ खाऊन लोकांनी डबेही घासून ठेवले असतील. माझं स्पष्ट मत: पोलीस नाही, कोर्ट नाही, अशा खाजगी कंपनीला दुसऱ्याची कमाई दाबून ठेवायचा हक्क नसावा.

निवृत्त बँकवाला, नौपाडा
ताई, हक्क तुम्हीच दिलात, करारावर 'मान्य' दाबलंत तेव्हा. राग मानू नका, पण त्यांच्या बाजूने बघा. माल पोचायचाय, पैसे आधीच आलेत. उद्या विक्रेत्याने पोबारा केला तर कार्डवाला बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागतो आणि तो भुर्दंड गेटवेवर येतो. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० च्या नियमावलीतसुद्धा ग्राहकांचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे बँकेतल्या वेगळ्या राखीव खात्यात, ठेवायचा आणि माल पोचवायची जबाबदारी विक्रेत्याची असेल तर विक्रेत्याला पैसे द्यायची मुदत माल पोचल्यापासून मोजायची, अशी सोय होती. एरवी शांत असलेलं दुकान, अचानक चौदापट विक्री, तीही ऐन सणात. भामट्याचं दुकान बाहेरून हुबेहूब असंच दिसतं.

चकलीवाली, ऐरोली
काका, दिवाळीत फराळ चौदापट खपणार नाही तर काय होळीला खपणार? हे यंत्राला कळत नसेल तर माणूस बसवा. आणि कारण का नाही सांगत?

निवृत्त बँकवाला, नौपाडा
२००२ च्या मनी लाँडरिंग कायद्याखाली संशयास्पद व्यवहाराचा अहवाल फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या सरकारी यंत्रणेला गेला असेल तर ते ग्राहकाला सांगताच येत नाही. तुमच्याबाबत तसं असेल असं मला वाटत नाही. पण तोंड बंद ठेवायची सवय तिथूनच लागते.

कांदेबटाटे, तुर्भे
काका, तुमचं पुस्तकातलं ठीक आहे, गाळ्यावर येऊन बघा. एका गिऱ्हाइकाने यूपीआयने २,४०० रुपये दिले. ते पैसे म्हणे परराज्यातल्या कुठल्यातरी फसवणुकीतले, चार खाती फिरून आलेले. माझं अख्खं करंट खातं गोठवलं, आत चार लाख. ट्रकभाडं थकलं, मजुरीला मेव्हण्याकडून उसने घेतले. गिऱ्हाइकाला काय विचारू, 'भाऊ, नोट कुठून आणलीस?'

कोपरीची लेक
सगळे अडवणाऱ्यांनाच शिव्या घालताय म्हणून लिहिते. माझ्या बाबांना 'पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले' म्हणत व्हिडिओ कॉलवर तीन तास धरून ठेवलं आणि तीन लाख घेतले. मी घरी पोचले, तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. दोन लाख दहा हजार पुढच्या खात्यांत अडले, उरलेले एटीएममधून निघून गेले होते. आधी नोटीस, मग सुनावणी, असं कुणी करत बसलं असतं तर बाबांना छदामही दिसला नसता. दादा, तुमच्या २,४०० मध्ये माझ्यासारख्याच कुणाचेतरी बाबा असतील.

कांदेबटाटे, तुर्भे
ताई, ते २,४०० घ्या ना. मी कधी नाही म्हटलं? बाकीचे चार लाख कांद्याचे होते.

काळा कोट, पाचपाखाडी
दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय. चकलीवाल्या ताईंचा मामला कराराचा आहे. दादांचा पोलिसी: पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १०६. त्यात जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला ताबडतोब द्यायची असते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय की खातं गोठवायचं ते वादातल्या रकमेपुरतंच. दादा, बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा पत्ता लेखी मागा, बिलासकट अर्ज टाका. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

आकडेमोड, वाशी
मला वेगळीच शंका आहे. ताई, गेटवेवर खातं उघडताना व्यवसाय काय लिहिला होता?

चकलीवाली, ऐरोली
...शिवणक्लास. २०२१ मध्ये ऑनलाइन घ्यायचे, तेव्हाचं खातं. बदलायचं राहिलं.

आकडेमोड, वाशी
घ्या! शिवणक्लासच्या खात्यावर एका दिवसात १४० जणांनी पैसे भरले. मी असतो तरी थांबवले असते. परदेशी कार्डं होती?

चकलीवाली, ऐरोली
सहा. न्यू जर्सीतल्या मुलांनी इथल्या आईवडिलांसाठी मागवलेलं. बरं, चूक माझी, मान्य. पण मग 'धंद्याचा प्रकार जुळत नाही, कागद पाठवा' एवढं एक वाक्य मेलमध्ये लिहायला काय जात होतं? सतरा दिवस मी स्वतःला गुन्हेगार समजत होते.

निवृत्त बँकवाला, नौपाडा
हे मात्र खरं. आमच्या वेळी निदान शाखेत येऊन टेबलावर हात आपटता यायचा.

चकलीवाली, ऐरोली
पाच दिवसांनी लिहितेय. अन्न परवाना, भाजणी-तुपाची बिलं आणि १३४ कुरिअर पावत्या चढवल्या. १ लाख ५२ हजार आज सकाळी जमा झाले, तूपवाल्याला आधी दिले. उरलेले ३४ हजार म्हणजे ती सहा परदेशी कार्डं. मोठे डबे होते, भाऊबीजेच्या भेटीसकट. ते १२० दिवस ठेवणार, पोचपावती दिली तर आधी सोडतील. (हे चक्क एका माणसाने लिहिलंय, खाली नाव आहे.) पण ते डबे मी स्कूटरवरून स्वतः पोचवलेत, चार तर आमच्याच सेक्टरमध्ये. सही कोण घेतंय! आता कागद घेऊन एकेका आजीआजोबांच्या दारी निघालेय. पहिल्या आजींनी सही केली, आणि अनारसे जरा कडक झाले होते असंही सांगितलं.