डिस्प्लेच्या संशोधनातून व्यवस्थापनाकडे वळावे का?

प्रश्न
मी गेली काही वर्षे ओएलईडी (स्वतः प्रकाश देणाऱ्या पिक्सेलच्या) पॅनेलच्या बॅकप्लेनवर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला प्रवाह पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या थरावर काम करत आहे. आता माझ्यासमोर चाचणी उत्पादन गटाच्या प्रमुखपदाचा प्रस्ताव आहे. तो स्वीकारला तर दिवसाचा बराचसा वेळ वेळापत्रक, खर्च आणि मनुष्यबळ यांत जाईल आणि ट्रान्झिस्टरचा थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे तो ज्या व्होल्टेजला चालू होतो ती पातळी, वापरागणिक का सरकतो, हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न दुसऱ्या कोणाकडे सोपवावा लागेल. तांत्रिक जाण शाबूत ठेवून हे पद सांभाळता येते का?

प्रतिसाद १
या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर प्रस्ताव जरूर स्वीकारावा, असे मला वाटते. आरसीए या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने घडवलेला द्रवस्फटिक डिस्प्ले (एलसीडी) १९६८ मध्ये जगासमोर आला, पण एलसीडीचा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर १९७३ मध्ये बाजारात आणला तो शार्पने. वेस्टिंगहाउसमध्ये पीटर ब्रॉडी यांनी त्याच दशकाच्या आरंभी पातळ थरांच्या ट्रान्झिस्टरांनी चालणारा ॲक्टिव्ह मॅट्रिक्स (प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र ट्रान्झिस्टर असलेला) पडदा करून दाखवला, मात्र पुढे कंपनीनेच त्या कामातून अंग काढून घेतले. दोन्ही ठिकाणी तत्त्व सिद्ध झाले होते. कमी पडली ती ते उत्पादनापर्यंत नेण्याची चिकाटी, आणि तो निर्णय प्रयोगशाळेच्या वरच्या पातळीवर होत असतो. तिथे पॅनेल जाणणारी माणसे हवीतच.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण एक अट घालून घ्या: दोषतपासणीची बैठक सोडू नका. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर अगदी मंद करडी छटा लावली की कधीकधी समांतर, पुसट पट्टे दिसतात. पडदा पूर्ण उजळला की त्यांचा मागमूसही नसतो, कारण मंद छटेला पिक्सेलमधून अत्यल्प प्रवाह जातो आणि ट्रान्झिस्टरांमधला किंचितसा फरकही तिथे उघडा पडतो. हे पट्टे सिलिकॉनचे स्फटिकीकरण करणाऱ्या लेझरच्या सरकण्याच्या दिशेशी जुळतात का, हे ज्याला पाहता येते तो प्रमुख ड्रायव्हर आयसीच्या (पडद्याला संकेत पुरवणाऱ्या चिपच्या) गटाला आठवडाभर विनाकारण कामाला लावत नाही. पिक्सेलमध्ये ट्रान्झिस्टरांमधला फरक भरून काढणारे सात ट्रान्झिस्टरांचे भरपाई सर्किट असले तरी ते सगळेच फरक झाकू शकत नाही, हे तुम्ही जाणताच. यील्डच्या (निर्दोष निघालेल्या पॅनेलच्या प्रमाणाच्या) आकड्यामागे नेमके काय दडले आहे हे ओळखणे, हाच मला या पदाचा गाभा वाटतो.

प्रतिसाद ३
होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: प्रक्रियेतील बदल थांबवण्याचा अधिकार आणि तांत्रिक श्रेणीत परत येण्याची मुभा. हाइलमायर पुढे अमेरिकेच्या दार्पा या संरक्षण संशोधन संस्थेचे संचालक झाले, तेव्हा प्रत्येक प्रस्तावाला ते ठरावीक प्रश्न विचारत: नेमके काय साधायचे आहे, आज ते कसे केले जाते, तुमच्या पद्धतीत नवे काय, यश मिळाले तर कोणाला फरक पडेल, धोके कोणते, खर्च व वेळ किती आणि यश मोजायचे कसे. आपल्या गटाच्या कामाला हेच प्रश्न लावून पाहावेत. तंत्राची सखोल जाण नसेल, तर मिळालेल्या उत्तरांची पारख करता येत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रक्रियेतील बदल थांबवण्याचा अधिकार आमच्याकडे सध्या गुणवत्ता विभागाकडे आहे. तो संयुक्तपणे मिळावा, अशी मागणी उद्याच मांडतो. दोषतपासणीची बैठक मात्र मी कोणाकडेही सोपवणार नाही.