डेट्रॉइट लायन्स (अमेरिकन फुटबॉल): अकरा वर्षांच्या मुलासोबत बघायला सुरुवात करायचीय, कुठल्या मॅच बघू?

सायली_नोवी:
नमस्कार मंडळी, आम्ही जूनमध्ये नाशिकहून नोवीला आलोय, मिशिगनमध्ये. मुलगा सहावीत आहे. शाळा सुरू झाल्यापासून रोज घरी येऊन एकच, की आई सगळे लायन्सबद्दल बोलतात आणि मला काही कळत नाही. सोमवारी तर जेवणाच्या सुट्टीत पूर्ण टेबल कालच्या मॅचवर बोलत असतं आणि हा गप्प बसून डबा खातो, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. नवऱ्याला क्रिकेटशिवाय काही माहीत नाही, मला तेही नाही. परवा मी नियमांचा एक व्हिडिओ लावला तर दहा मिनिटांत दोघंही कंटाळलो. तर कुणी सांगाल का, एखाद्या सीझनच्या चारपाच जुन्या मॅच ज्या ओळीने बघितल्या की खेळही कळेल आणि या टीमवर लोकांचा इतका जीव का तेही कळेल? आणि स्टेडियमला न्यावं का त्याला? तिकिटं परवडतात का?

ट्रॉयकर_अप्पा:
सायलीताई, बरं केलंत विचारलंत. मी इकडे २००६ पासून आहे, म्हणजे २००८ चा सीझन मी इथेच राहून बघितलाय, सोळापैकी सोळा मॅच हरले होते, एनएफएल या लीगमध्ये असं त्याआधी कुणाचंच झालं नव्हतं. तेव्हा माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी १९५७ ची चॅम्पियनशिप लहानपणी बघितलेली, त्यानंतर त्यांच्या हयातीत परत आली नाही. हे आधी मुलाला सांगा, नियम नंतर. इथली माणसं साठ वर्षं हरणाऱ्या टीमचं तिकीट काढून जात होती आणि मुलांना, नातवंडांना घेऊन जात होती.

माझं मत विचाराल तर २०२३ चा सीझन, दुसरा कुठलाही नाही. २०२४ ला पंधरा मॅच जिंकले, आकड्यांत तो मोठा, पण नवीन माणसाला २०२३ च दाखवावा कारण त्यात जिंकायची सवय नसलेली टीम जिंकायला शिकताना दिसते.

त्याआधी फक्त एक मागची मॅच बघा. ८ जानेवारी २०२३, ग्रीन बे पॅकर्सच्या मैदानावर, आधीच्या सीझनची शेवटची. त्या सीझनला सुरुवातीच्या सातपैकी सहा मॅच हरलेले, तिथून सावरत शेवटच्या दिवसापर्यंत आशा टिकवली आणि मॅच सुरू व्हायच्या थोडं आधी दुसरीकडचा निकाल आला की लायन्स प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, बाहेर. म्हणजे जिंकून हाती काही लागणार नव्हतं. तरी खेळले आणि २०-१६ ने जिंकले, पॅकर्सनाही सोबत बाहेर काढलं. डॅन कॅम्पबेल हा कोच काय चीज आहे ते त्या एका रात्रीत कळतं.

मग ही ओळ धरा. पहिली ७ सप्टेंबर २०२३, कॅन्सस सिटी चीफ्स, गतविजेत्यांच्या घरी जाऊन सीझनची सलामी, २१-२०. सुरुवातीलाच आपल्या टोकाला अडकलेले असताना पंट मारायचं, म्हणजे किक मारून बॉल समोरच्यांना लांब देऊन टाकायचं, सोंग करून पळाले, तिथे थांबवून मुलाला विचारा की तू काय केलं असतंस. ब्रायन ब्रँच या नवख्या पोराने चीफ्सच्या खेळाडूच्या हातून उसळलेला बॉल पकडून ५० यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, तेही त्यातच.

दुसरी २४ डिसेंबर, मिनेसोटात, ३०-२४, डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकला, १९९३ नंतर पहिल्यांदा. तिसरी १४ जानेवारी २०२४ ची लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धची, यावर मी खूप बोलू शकतो पण खाली कुणीतरी लिहीलच.

कॅन्टन_मावशी:
मीच लिहिते अप्पा, कारण त्या रात्री मी आत होते.

सायली, मॅथ्यू स्टॅफर्ड हा बारा सीझन लायन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, होता, सगळ्यांचा लाडका, पण प्लेऑफची एकही मॅच जिंकता आली नाही त्याला इथे. २०२१ मध्ये त्याला लॉस एंजेलिसला दिलं आणि बदल्यात जॅरेड गॉफ आला, सोबत ड्राफ्टचे पिक्स, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क. तिकडे स्टॅफर्ड पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला, आणि गॉफ म्हणजे त्यांना नकोसा झालेला माणूस. आणि तीस वर्षांनी घरच्या मैदानावर प्लेऑफ मॅच आली, फोर्ड फील्ड स्टेडियमवरची तर पहिलीच, आणि समोर कोण, तर स्टॅफर्डच. लोकांनी स्टॅफर्डची हुर्यो केली आणि गॉफच्या नावाचा जयघोष केला, माझ्या शेजारची बाई रडत होती आणि ओरडतही होती. २४-२३. शेवटी दोन मिनिटं उरलेली, एक फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड, मिळाला की मॅच संपली, गॉफने अमोन-रा सेंट ब्राउनकडे फेकला, मिळाला. जानेवारी १९९२ नंतरचा पहिला प्लेऑफ विजय. माझा मुलगा तेव्हा दहावीत होता, त्याला घट्ट धरून उभी होते मी.

सेंट ब्राउन तुझ्या मुलाला नक्की आवडेल. ड्राफ्टच्या चौथ्या राउंडमध्ये ११२ वा निवडला गेला, त्याच्याआधी घेतलेल्या सोळा रिसीव्हर्सची (बॉल झेलणाऱ्यांची) नावं त्याला पाठ आहेत. आणि २०२३ च्या सीझनला ११९ कॅच, १५१५ यार्ड!

पुणे_रात्रपाळी:
मी पुण्यातून बघतो, डॅझन ॲपवर एनएफएलचा गेम पास आहे, आपल्याकडे रविवारच्या दुपारच्या मॅच रात्री साडेदहा नाहीतर साडेअकराला लागतात आणि रात्रीच्या असल्या तर पहाटे उठावं लागतं. तुम्हाला तिकडे एनएफएल प्लस या लीगच्या ॲपचं वरचं पॅकेज घेतलं तर जुन्या मॅच पूर्ण मिळतील, छोटी आवृत्तीपण असते ज्यात मधला थांबा कापलेला असतो, चाळीसेक मिनिटांत उरकते, मुलासाठी तीच लावा.

नियमांचं एवढंच सांगा त्याला. चार चेंडूत (इथे त्यांना डाउन म्हणतात) दहा यार्ड. झाले की परत नवीन चार. प्रत्येक चेंडूच्या आधी दोन्ही बाजू फील्डिंग लावतात, म्हणून मधे थांबतात, क्रिकेट बघणाऱ्याला हे लगेच पटतं. टचडाउनला सहा पॉइंट, वर एक किंवा दोनचा प्रयत्न, लांबून किक मारली तर तीन. चौथ्या चेंडूला बहुतेक टीम किक मारून मोकळ्या होतात, लायन्स बरेचदा होत नाहीत. बाकीचं बघता बघता येतं. ३० डिसेंबर २०२३ ची डॅलसविरुद्धची मॅचपण बघा, २०-१९ ने हरले, लायन्सच्या टेलर डेकरने दोन पॉइंटचा झेल पकडला होता पण रेफ्रीने कॅच घ्यायला पात्र म्हणून दुसऱ्याच खेळाडूचा नंबर जाहीर केला होता, म्हणून रद्द. मला अजून झोंबतं.

ट्रॉयकर_अप्पा:
डॅलस नको हो आत्ताच, पोराला पहिल्याच महिन्यात रेफ्रीवर चिडायला नका शिकवू. पण २८ जानेवारी २०२४ ची सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धची मॅच मात्र वगळू नका, कितीही वाटलं तरी. सुपर बोलच्या एक पायरी आधी. मध्यंतराला २४-७ पुढे. मग दोनदा चौथ्या डाउनला तीन पॉइंटची किक सोडून पुढे जायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा फसला, ३४-३१ ने हरले. कॅम्पबेलवर लोक तुटून पडले. मला तेव्हाही पटला होता त्याचा निर्णय आणि आजही पटतो, कॅन्सस सिटीला ज्या धाडसावर आपण टाळ्या वाजवल्या तेच धाडस होतं ते. ही मॅच बघितल्याशिवाय तुमच्या मुलाला टेबलावरचं बोलणं कळणार नाही, कारण इथली मुलं अजून त्याच दोन चौथ्या डाउनवर भांडतात.

कॅन्टन_मावशी:
तिकिटांचं राहिलं. सीझनची महाग पडतील, ऑगस्टमधल्या प्री-सीझनच्या (सराव) मॅचला जा, बरीच स्वस्त मिळतात आणि गर्दी बेताची असते. स्टेडियम बंदिस्त आहे, थंडीची काळजी नाही. मोठी पर्स नेऊ नकोस, पारदर्शक पिशवी ने, मला पहिल्यांदा गाडीपर्यंत परत जावं लागलं होतं. आवाज फार असतो, त्याच्या कानाला काहीतरी ने. आणि लवकर पोचलात तर ईस्टर्न मार्केटला चक्कर मारा, लोक सकाळपासून तिथे शेगड्या मांडून बसलेले असतात, अनोळखी माणूसही निळा शर्ट बघून हाक मारतो.

सायली_नोवी:
सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवडे झाले, तुम्ही सांगितलेल्या ओळीने चाललोय. पंटच्या सोंगापाशी थांबवून विचारलं तर म्हणाला किक मारली असती, पुढे काय झालं ते बघून उठून उभाच राहिला. काल त्याने नाशिकला आजीला व्हिडिओ कॉलवर चार चेंडूत दहा यार्ड समजावलं. गुरुवारी डब्याच्या टेबलावर सेंट ब्राउनच्या सोळा नावांची गोष्ट यानेच सांगितली म्हणे, दोघांना माहीतच नव्हती.

आज सॅन फ्रान्सिस्को लावली होती. मध्यंतराला २४-७ झालं आणि झोपायची वेळ झाली, खूश होऊन झोपलाय, निकाल अजून माहीत नाही. आधी सांगून ठेवू का त्याला?

ट्रॉयकर_अप्पा:
नका सांगू. उद्या शेजारी बसा फक्त. शाळेत जायच्या आधी मात्र लावू नका, संध्याकाळीच लावा.