बाळाला चोखणी नको असेल तर आधी रडं उतरवा, मग बोट

रडणारं बाळ चोखणी घेत नसेल तर 'आकार बदलून बदलून चोखणी देत राहा, आज ना उद्या घेईल' असं सुचवलं जातं. घेईलही, पण आत्ता किंचाळणाऱ्या बाळाला त्याचा काय उपयोग? जोरात रडताना जीभ टाळूकडे उचललेली असते, त्यामुळे चोखणीच काय, स्तनसुद्धा नीट पकडता येत नाही. म्हणून आधी रडण्याचा जोर उतरवायचा: नुसत्या लंगोटावर बाळाला आपल्या उघड्या छातीशी उभं धरा, अंधार करा, चालत राहा. जरा हुंदक्यांवर आलं की बोट द्या. हात साबणाने धुतलेले, नख अगदी बारीक कापलेलं, बोटाचा मऊ भाग वर टाळूकडे आणि नख जिभेकडे. खालच्या ओठाला टेकवून थांबा, बाळालाच आत ओढू द्या; आपण रेटलं तर उमासा येतो आणि पुढच्या वेळी ते तोंडच घट्ट मिटतं. चोखण्याला लय आली की बोट हळूच काढून स्तनावर घ्या. संध्याकाळी तर बरीच बाळं अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा मागतात, तेवढ्यावरून दूध कमी पडतंय असं समजू नका.

चोखणीला मध लावायचा सल्ला मात्र अजिबात नको, वर्षाच्या आत बॉट्युलिझमचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो. आणि काही केल्या थांबतच नसेल तर पायाची बोटं उघडून बघा, आईचा केस करकचून गुंडाळला गेलेला सापडतो कधीकधी. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर सरळ डॉक्टर.