होटन, मिशिगन: आठ हजार वस्तीचं 'शहर' कुणी पाहिलंय का?

कृष्णाकाठची

नमस्कार. लेकीला मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत एमएसला प्रवेश मिळालाय. गाव होटन (महिनाभर आम्ही 'हाऊटन' म्हणत होतो, तिनेच परवा सुधारलं). नकाशात बघितलं तर पार वर, तळ्यात घुसलेल्या शेंड्यावर. लोकसंख्या 2020 च्या गणनेत 8,386! अहो, सांगलीत आमच्या घराभोवतीच एवढी माणसं निघतील. तिचे बाबा रोज एकच विचारतात, "अमेरिकेला पाठवतोय की खेड्यात?" कुणी तिथे राहिलंय का? गाव कसं आहे, पूर्वी काय होतं, माणसं कशी आहेत? आणि बर्फाचं जे वाचतोय ते खरं का?

ट्रॉयचा बंड्या

ताई, मी मिशिगनमध्येच आहे, पण डेट्रॉईटकडे. इथून होटन साडेपाचशे मैल, मुंबई-नागपूरहून लांब. जुलैत एकदा गेलो होतो. सुंदर आहे, पण भर उन्हाळ्यात त्या तळ्यात गुडघाभर जायची हिंमत झाली नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

तांबटआळी

बंड्याभाऊंना आमच्याकडे 'ट्रोल' म्हणतात. शिवी नाही हो, ट्रोल म्हणजे गोष्टीतला पुलाखाली राहणारा राक्षस. मिशिगनचे दोन तुकडे जोडणाऱ्या मॅकिनॉ पुलाखाली, म्हणजे दक्षिणेला राहणारे सगळे ट्रोल. आम्ही वरचे 'यूपर'.

ताई, मी पुण्याचा, कसब्यातला. भूगर्भशास्त्र शिकायला 2004 मध्ये याच विद्यापीठात आलो. आता होटनसमोरच, तिथल्या छोट्या पुलापलीकडे, हॅनकॉकला घर आहे. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तो आकडा. 8,386 मध्ये विद्यार्थी भरपूर, विद्यापीठातच सात हजारांच्या आसपास मुलं आहेत. सुट्टी लागली की रस्त्यावर शुकशुकाट. समोर हॅनकॉकला साडेचार हजार वस्ती. पण तिच्या बाबांना काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आकडा दाखवा: 1910 मध्ये 88,098 माणसं, 2020 मध्ये 37,361. खेडं म्हणू नका याला. पेठ होती, ओसरली.

पेठ कशाची, तर तांब्याची. हा कीविनॉ द्वीपकल्प सुपीरिअर सरोवरात घुसलाय आणि त्याचा खडक आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद, लाव्हा थिजून झालेला काळा बेसॉल्ट. फक्त वयाने फार थोरला: आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा सुमारे 110 कोटींचा. लाव्हा थंड होताना बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. आपल्याकडे त्यात झिओलाईटचे पांढरे, गुलाबी स्फटिक भरले. इथे पुष्कळ ठिकाणी भरलं तांबं, तेही खनिज वितळवून काढावं लागत नाही असं, नुसतं धातूरूपात. माझ्याकडे सुपारीएवढा एक तुकडा आहे. पहिल्या सुट्टीत तो घरी नेला तेव्हा आमच्या शेजारच्या तांबटकाकांनी हातोडीने एक टोक ठोकलं, ते चपटं झालं, आणि म्हणाले, "हे कुणी आधीच शुद्ध करून पुरलंय."

स्थानिक आदिवासी हजारो वर्षं हे तांबं काढत होते. मिशिगनला मात्र ही जमीन नकोच होती. त्यांना हवं होतं दक्षिण सीमेवरचं टोलेडो, त्यावरून शेजारच्या ओहायो राज्याशी भांडण. ते ओहायोला गेलं, बदल्यात हे जंगल मिळालं आणि 1837 मध्ये राज्याचा दर्जा. लोक हळहळले म्हणे. मग 1841 मध्ये डग्लस होटन या भूवैज्ञानिकाचा अहवाल आला, तांबं आहे! पुढच्याच वर्षी इथल्या ओजिब्वे आदिवासींशी तह करून जमीन घेतली. होटन स्वतः 1845 मध्ये याच सरोवरात वादळात बुडाला. गावाला नाव त्याचं.

मग कॉर्नवॉलचे खाणकामगार आले, मागून फिनलंडचे, इटलीचे, क्रोएशियाचे. कॉर्नवॉलवाल्यांची 'पास्टी' अजून दुकानादुकानात मिळते. दोन्ही हातांनी धरावी लागेल एवढी करंजी समजा, आत मांस आणि बटाटा. (लेक शाकाहारी असेल तर विचारून घ्यायचं.) फिनिश लोकांनी सौना आणला, म्हणजे घाम काढायची तापवलेली लाकडी खोली. माझ्या शेजारच्या आजींकडे घरामागे आहे, शनिवारी धूर दिसला की समजायचं.

विद्यापीठही खाणींपायीच, 1885 मध्ये 'मिशिगन मायनिंग स्कूल' म्हणून निघालं. खाणी बंद पडल्या, शाळा राहिली, म्हणून गाव राहिलं.

एक गोष्ट इथले लोक आपणहून सांगत नाहीत. 1913 मध्ये मोठा संप झाला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जवळच कॅल्युमेटला संपकऱ्यांच्या मुलांसाठी समारंभ होता, इटालियन हॉलच्या वरच्या मजल्यावर. कुणीतरी "आग!" ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून 73 जण गेले, बहुतेक मुलं. ओरडलं कोण, ते कधीच सिद्ध झालं नाही. इमारत पाडली, दाराची कमान तेवढी ठेवलीय. लेकीला सांगा, पहिल्याच वर्षी बघून ये.

कृष्णाकाठची

दादा, फार छान सांगितलंत. तिच्या बाबांना वाचून दाखवलं, ते करंजीवर अडकलेत. बर्फाचं राहिलं. जाड कपडे इथूनच घ्यावेत का?

तांबटआळी

ताई, बर्फ खरा आहे. हंगामाचा मिळून सरासरी 200 इंचांहून जास्त, म्हणजे पाच मीटर. एकदम नाही पडत, रोज थोडा थोडा, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. कॅनडाकडून गार वारा येतो, न गोठलेल्या सरोवरावरून वाफ उचलतो आणि आमच्या टेकड्यांवर झाडतो. 1978-79 मध्ये उत्तरेला 390.4 इंच पडला होता, तिथे रस्त्याकडेला तेवढ्या उंचीची पट्टी उभी केलीय. गाडी थांबवून सगळे फोटो काढतात.

इथे फावड्याने बर्फ उचलत नाहीत, कंबर जाते. सुपासारखा मोठा पत्रा असतो दांड्याचा, तो ढकलत न्यायचा. 1959 चा जो उचलता पूल आहे होटन-हॅनकॉकमध्ये, त्याच्या खालच्या मजल्यावरून पूर्वी रेल्वे जायची, आता हिवाळ्यात स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरच्या गाड्या, जातात. उत्तरेकडे जायला तो एकच पूल, बरं का. वरचा भाग खरं तर बेटच झालाय, कालव्यामुळे.

जाड कोट आणि बूट इथे घ्यायचे. तिकडचे दोन आठवडे टिकत नाहीत, मी भोगलंय. त्याऐवजी कुकरच्या दोन जास्तीच्या रिंगा, गोडा मसाला आणि हिंग द्या. मी ग्रीन बेला, दोनशे मैलांवर, गेलो की पोतंभर तांदूळ आणतो, तिचाही आणीन.

आणखी एक. आम्ही पश्चिमेला असून घड्याळ न्यूयॉर्कचं. डिसेंबरात उजाडतं साडेआठनंतर, जूनमध्ये पावणेदहापर्यंत ऊन. तिकडे सकाळी सात वाजता फोन केलात तर थंडीत इथे आदल्या दिवसाची रात्रीची साडेआठ असेल, तेव्हा ती जेवत असेल. तीच वेळ धरा.

ट्रॉयचा बंड्या

पोतंभर तांदळाची ऑफर ट्रोलांना लागू आहे का?