लाइनवरचा एक ऑपरेटर आतून खचलाय, त्याच्याशी बोलू कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ. विषय नाजूक आहे म्हणून कंपनीचं नाव टाकत नाही. भोसरीच्या बाजूला छोटं मशीन शॉप आहे, सगळे मिळून साठेक माणसं, मी तिथे शिफ्ट सुपरवायझर, हाताखाली १४ ऑपरेटर.

त्यातला एक व्हीएमसीवरचा (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन), वय ३१, सहा वर्षं माझ्याकडे आहे. नुसतं ड्रॉइंग बघून प्रोग्रॅममधली चूक सांगणारा पोरगा, नवीन पोरांना सेटिंग शिकवायचं तर मी त्याच्याकडेच पाठवायचो. दिवाळीनंतर बदललाय. आधी वाटलं दारू असेल, पण तसं काही नाही. डबा उघडतो, दोन घास खातो, झाकण लावतो. थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, ब्रेकमध्ये सगळे चहाला जातात, हा मशीनमागे एकटाच बसलेला. मागच्या महिन्यात त्याच्याकडून ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरायचं माप, चुकला, ११ जॉब रिजेक्ट गेले, आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो फक्त "हो साहेब" म्हणाला, पण हात थरथरत होते त्याचे. तेव्हापासून ते हात डोळ्यासमोरून जात नाहीत माझ्या.

परवा लॉकरपाशी मला म्हणाला, "साहेब, माझ्यानंतर या मशीनवर कोणाला ठेवणार?" मी विचारलं नोकरी सोडतोयस का रे, तर म्हणे नाही, असंच. घरी आलो पण झोप लागली नाही.

आमच्याकडे एचआर वगैरे नाही, टाइम ऑफिसला एकजण बसतो तेवढंच. दोन वर्षांपूर्वी एका कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराने विश्वासाने सांगितलं की मला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, ते टाइम ऑफिसमधून वरपर्यंत गेलं आणि महिन्याभरात त्याला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून काढलं. त्यामुळे आता वर सांगायची भीती वाटते आणि न सांगता काही झालं तर ती भीती वेगळीच. मी शिकलेला माणूस नाही या विषयातला, आयटीआय करून इथपर्यंत आलोय. बोलायला सुरुवात कुठून करू, काय बोलू नये, आणि तो बोललाच तर पुढे त्याला न्यायचं कुठे, कृपया कोणीतरी नीट सांगा.

सावली
दादा, "माझ्यानंतर" हे वाक्य अजिबात हलक्यात घेऊ नका, उद्यावर टाकू नका. मी समुपदेशनाचं काम करते म्हणून स्पष्ट सांगते, त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि सरळ विचारा की जीव नकोसा झालाय का, मरायचे विचार येतात का. असं विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाला आणि कसं करायचं हेही ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या. तेव्हा कोणाला सांगू नका म्हणाला तरी ते गुपित तुमच्यापाशी ठेवायचं नाही.
१४४१६ लिहून ठेवा. टेली मानस, सरकारी फोनसेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो करेल तेव्हा करेल, आधी तुम्हीच लावा आणि माझा माणूस असा असा वागतोय, काय करू म्हणून विचारा.

तिसरी_पाळी
मी स्वतः यातून गेलोय, रांजणगावला होतो तेव्हा. मला तेव्हा लोक काय म्हणायचे तर घरी बायकोपोरं आहेत त्यांच्याकडे बघ, देवाचं कर, गावी जाऊन ये चार दिवस. सगळ्यांचं मन चांगलंच होतं पण प्रत्येक वेळी वाटायचं की मलाच जमत नाहीये. एका लाइन लीडरने फक्त एवढं विचारलं, "झोप लागते का रे तुला?" आणि मी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या रडलो. झोपेबद्दल विचारा दादा, झोपेबद्दल सांगायला लाज वाटत नाही.
अजून एक, दर आठवड्याला पाळी फिरते ना, तिथेच निम्मं शरीर मोडतं. एका पाळीची सवय होते न होते तोवर दुसरी. थर्ड शिफ्टमधून काढता आलं तर काढा, पण त्याला विचारून, नाहीतर त्याला वाटेल शिक्षा दिली. माझं असंच झालेलं, व्हीएमसीवरून उचलून पॅकिंगला बसवलं, काळजीपोटीच, पण मला वाटलं संपलं आपलं.

जुना_क्लार्क
कागदाचं मी सांगतो. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल तर मानसिक आजारही त्यात धरला जातो. डॉक्टरने सर्टिफिकेट दिलं आणि आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, म्हणजे सुट्टी घेतली तर चूल बंद पडत नाही. तुमच्या भागातल्यांना मोहननगर, चिंचवडचं ईएसआय हॉस्पिटल आहे. पिंपरीच्या वायसीएम या महापालिकेच्या हॉस्पिटललाही मानसोपचाराची ओपीडी आहे. आणि डॉक्टर पेशंटची माहिती अशी कंपनीला देत बसत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क दिलेला आहे, हे त्याला आधीच सांगा, निम्मी भीती तिथे जाईल.

सावली
एक राहिलं. डॉक्टरला सांगायला लावा की मी मशीनवर असतो आणि रात्रपाळी असते. काही गोळ्यांनी सुरुवातीला गुंगी येते, त्याप्रमाणे ते वेळ आणि डोस ठरवतील. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बऱ्याच जणांना आठ दिवसांत फरक नाही म्हणून मनानेच बंद करतात, तेवढं लक्ष ठेवा.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर त्याला टपरीवर नेलं. आधी माफी मागितली, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं म्हणालो. मग झोपेचं विचारलं. दोन महिने रात्री दोन-अडीच तासांच्या वर झोप नाही, घराच्या हप्त्यासाठी ओव्हरटाइम ओढत होता आणि त्यात वडील गेलेले, तेराव्यानंतर लगेच कामावर आला, मला हे माहीतच नव्हतं. सरळ विचारलं तसं म्हणाला, विचार येतात साहेब, पण काही ठरवलेलं नाही. तिथूनच १४४१६ लावला, तो लांब जाऊन बोलला, मी दोन चहा संपवले तोवर. नंतर मी समोर असतानाच त्याने बायकोला फोन करून सगळं सांगितलं.

त्याला विचारून जनरल शिफ्टला, म्हणजे दिवसाच्या पाळीला, घेतलंय, मशीन तेच ठेवलं. मालकांना एवढंच सांगितलं की वडील गेलेत, महिनाभर थर्डला देऊ नका, ते हो म्हणाले. उद्या सकाळी तो, बायको आणि मी मोहननगरला जाणार आहोत. क्लार्कसाहेब, ईएसआय कार्ड आणि आधारची झेरॉक्स घेतलीय, अजून काही लागतं का, आणि ओपीडीला किती वाजता पोचलेलं बरं?