उभा गॅलागा आडव्या पडद्यावर, आणि वर रिवाइंड?

टोकनवाला
भाच्याने नवा घेतला म्हणून त्याचा जुना निन्टेंडो स्विच (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) माझ्याकडे आला. मी लगेच नाम्को म्युझियम हा जुन्या खेळांचा संग्रह घेतला, त्यातला किड्यांशी लढायचा गॅलागा लावला आणि पाच मिनिटांत चिडलो. १९८१चा हा खेळ उभ्या पडद्यासाठी बनलेला. स्विचचा पडदा ६.२ इंची, पण आडवा. फूटपट्टी लावून पाहिलं, चित्राची उंची ७.७ सेंमी आणि रुंदी जेमतेम ५.८. अर्ध्याहून जास्त पडदा फुकट! गेम पार्लरमध्ये ज्या शत्रू-माश्या अंगावर यायच्या त्या इथे मुंग्या वाटतात.

दुसरी तक्रार मोठी आहे. कॅपकॉम आर्केड स्टेडियम या दुसऱ्या संग्रहात १९४२ नावाचा विमानांचा खेळ खेळलो. गोळी लागली की बटण दाबायचं, वेळ मागे जाते (हाच तो रिवाइंड), विमान पुन्हा धडधाकट. आमच्या वेळी रुपया टाकला की तीन विमानं मिळायची. तिसरं उरलं की तळहाताला घाम फुटायचा. तो घामच गेला तर उरलं काय? माझं मत: हे संग्रह म्हणजे जुन्या खेळांचे फोटो आहेत, खेळ नव्हेत.

कर्जत_लोकल
मालक, पडदा उभा करा की! बाजूचे दोन्ही कंट्रोलर निघतात. मी फ्लिप ग्रिप नावाची प्लॅस्टिकची चौकट वापरतो. पडदा त्यात उभा बसतो, कंट्रोलर चौकटीला दोन्हीकडून लागतात. नाम्को म्युझियममध्ये चित्र फिरवायची सोय आहे. मग तुमचं ५.८ बाय ७.७चं चित्र ७.७ बाय १०.३ होतं.

अजून एक गंमत. गॅलागाचं मूळ चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं. आडव्या पडद्याची उंची ७२० ठिपके, म्हणजे अडीचपट. आता अर्धा ठिपका कुठून आणणार? एक ओळ जाड, एक बारीक, नाहीतर सगळंच धूसर. उभ्यात बरोब्बर तिप्पट करता येतं, ६७२ बाय ८६४, आणि तरी जागा उरते. डोंबिवली ते कर्जत रोज असाच जातो. शेजारचे काका वाकून बघतात तेवढाच त्रास.

(स्विच लाइट ही छोटी आवृत्ती असेल तर विसरा, त्याचे कंट्रोलर निघत नाहीत.)

बिनतर्री
उभं-आडवं तुम्ही दोघं बघून घ्या. मला रिवाइंडबद्दल बोलायचंय.

टोकनवाला, तो घाम कोणाच्या फायद्याचा होता? गल्लेवाल्याच्या. १९८५चा अंतराळयानाचा खेळ ग्रेडियस घ्या. मरण आलं की जमवलेली सगळी शस्त्रं जातात, वेगसुद्धा जातो, आणि रिकाम्या हाताने त्याच कठीण जागी परत उभं करतात. एकदा मेलात की मेलातच. ही मशीन नाणी गिळायलाच बनलेली. मी ४६ वर्षांचा आहे, दोन पोरं, नोकरी. रात्री अकरानंतर वीस मिनिटं मिळतात. रिवाइंड नसता तर पुढचे टप्पे मी या जन्मी पाहिले नसते.

टोकनवाला
शेवट बघायला हा काय पिक्चर आहे? गॅलागाला शेवटच नाही. स्पेस इन्व्हेडर्सलाही नाही. किती वेळ टिकलात एवढाच प्रश्न.

बिनतर्री
१९४२ला आहे. ३२ टप्पे. तुम्ही कितवा पाहिलात?

टोकनवाला
अकरावा. रुपयावर.

अक्काबाई
तुम्हा पुरुषांची फूटपट्टी बघून हसू आलं. मी पीएसपी या सोनीच्या हातातल्या मशीनवर ग्रेडियस कलेक्शन खेळत मोठी झाले, पाच ग्रेडियस एका डिस्कमध्ये. ४.३ इंची पडदा, तरी कधी अडलं नाही, कारण ग्रेडियस डावीकडून उजवीकडे जातो. १९८७चा आर-टाइपही तसाच. बाजूला थोड्या काळ्या पट्ट्या येतात, बस. उभा खेळ मात्र पीएसपीवर अख्खा दाखवला तर ५.४ बाय ४ सेंमी, काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा. तेव्हा हातातल्या मशीनवर आडवे खेळ घ्या, उभे घरच्या टीव्हीवर. एवढं साधं आहे.

कर्जत_लोकल
टीव्ही कसा उभा करू अक्का? भिंतीतले खिळे बायको काढू देईल का? म्हणून तर म्हणतो, उभे खेळ हातातच बरे. चार मिनिटांत डाव संपतो, स्टेशन येतं.

बिनतर्री
आता मूळ अनुभवाबद्दल एक. १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये ५५ परग्रहवासी. जसजसे मारत जाल तसतसे उरलेले वेगाने सरकतात, शेवटचा तर सुसाट. हे खेळाचे निर्माते निशिकादो यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. प्रोसेसर दुबळा होता, कमी आकृत्या हलवायच्या राहिल्या की त्याचं काम हलकं व्हायचं आणि वेग वाढायचा. त्यांनी ते तसंच ठेवलं. म्हणजे ज्याला आपण त्या खेळाचा आत्मा म्हणतो ती यंत्राची मर्यादा होती. मग आजच्या यंत्राने रिवाइंड दिला तर तोही यंत्राचाच गुण. त्याचा विटाळ का?

टोकनवाला
मुद्दा चांगला काढलात, पण उलटा पडतो. त्या मर्यादेने खेळ अवघड केला, तुमचा गुण सोपा करतो. शेवटचा परग्रहवासी सुसाट सुटल्यावर वेळ मागे नेता येत असती तर तो सुसाट असून काय उपयोग?

अक्काबाई
हे मात्र पटलं. पण ग्रेडियसच्या बाबतीत मी बिनतर्रींकडे. मेल्यावर पुन्हा मारायचं, हा अवघडपणा नव्हे, खुनशीपणा आहे.

टोकनवाला
ग्रेडियसपुरतं मान्य. फक्त ग्रेडियसपुरतं.

आणि हो, काल कंट्रोलर काढून स्विच पुस्तकांच्या थप्पीला उभा टेकवला. कर्जत_लोकल, माफ करा, तुमचं खरं होतं. माश्या परत माश्या झाल्या. तिसऱ्या टप्प्याच्या बोनस फेरीत ४० पैकी ३८ पाडल्या. १०,००० गुण दोनांनी हुकले.

कर्जत_लोकल
दुहेरी विमान घेतलं का? एक विमान मुद्दाम बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, किरणात पकडू द्यायचं, मग बॉसला मारून सोडवायचं. दोन विमानं शेजारीशेजारी, गोळ्या दुप्पट.

टोकनवाला
घेतलं. पुढच्या मिनिटात दोन्ही एकापाठोपाठ गेली.

बिनतर्री
रिवाइंड?

टोकनवाला
गप बसा हो.