ट्रेनिंग बंद नको, जागेवर द्या

वर एकांनी लिहिलंय की ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग म्हणजे सही करा, जेवा आणि घरी जा, म्हणून बंदच करा. बऱ्याच ठिकाणी तसं होतं, मान्य, पण बंद करा हे पटत नाही. पुण्यात यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था तर १९२६ पासून हेच काम करतेय, म्हणजे शिकवणारे नाहीत असं नाहीये.

अडचण खाली गावात आहे. ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणजे १ ते ३३ नमुने, म्हणजे ठरलेल्या नोंदवह्या, त्यात ८ कर आकारणीचा, ९ मागणीचा, आणि नवीन ग्रामसेवक हे सगळं जुन्या वह्या चाळत शिकतो, त्यात ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवरचं ऑनलाइन काम, डिजिटल सह्या, हे हॉलमधल्या स्लाइड बघून कसं यायचं? सुरुवातीला अनुभवी ग्रामसेवकाच्या हाताखाली ठेवा ना, एक मार्चएंड तरी सोबत काढू दे.

आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला तर ट्रेनिंगमध्ये कुणी धरतच नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं, पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट कशी करायची, पिवळा रंग आलाच नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही, हे त्याला टाकीपाशी उभं राहून करून दाखवायला पाहिजे, आणि ते पावसाळ्याच्या आधी.